‘प्लोवेबात’चा कर्ता कोण? एका लॅटिन क्रियापदाची तपासणी

दुष्काळ हटत नाही, वर्षभर उपासमार चाललीय आणि आज घासभर पावसुद्धा मिळाला नाही, अशी एका लॅटिन कथेतला एक माणूस भर मेजवानीत कैफियत मांडतोय. त्याचं नाव गॅनिमीडीझ. मेजवानी ट्रिमाल्किओची, म्हणजे गुलामगिरीतून सुटून गडगंज झालेल्या एका माणसाची. काळ इसवी सनाचं पहिलं शतक, ठिकाण दक्षिण इटलीत कांपानियाच्या किनाऱ्यावरचं एक गाव. बाजारावर देखरेख ठेवणारे अधिकारी आणि पाववाले आतून एक झालेत, ‘तू मला सांभाळ, मी तुला सांभाळतो’ असं त्यांचं चाललंय, हे तो आधी सांगून टाकतो. मग त्याची गाडी देवाधर्मावर येते. आता आभाळाला आभाळ कोण मानतं, देवांचा राजा ज्युपिटर, त्याची केसाएवढीही किंमत कोणाला उरलीय, असं म्हणून तो जुन्या दिवसांची आठवण काढतो. तेव्हा घरंदाज बायका लांब पायघोळ वस्त्रं नेसून, अनवाणी, केस मोकळे सोडून, निर्मळ मनानं टेकडी चढायच्या आणि ज्युपिटरकडे पाणी मागायच्या.

त्यानंतर चारच शब्द येतात : ‘इताक्वे स्तातिम उर्केआतिम प्लोवेबात.’ पहिला शब्द ‘म्हणून’, दुसरा ‘लगेच’. तिसरा ‘उर्केउस’, म्हणजे घागर किंवा सुरई, या नामावरून केलेलं क्रियाविशेषण, ‘घागरी-घागरीनं’. चौथा शब्द हे आपलं प्रकरण.

हा उतारा मराठीत आणायला बसलो तेव्हा पहिले तीन शब्द पाच मिनिटांत झाले. चौथ्यानं मात्र अडवलं. शब्दकोशात त्याचा अर्थ ‘पाऊस पडे’ असा सरळ मिळतो. माझी अडचण दुसरीच होती. लॅटिनमध्ये या वाक्यात ‘पाऊस’ हा शब्दच नाही. पाडणारा नाही, पडणारा नाही, पडलेलं काहीही नाही. नुसतं क्रियापद आहे. मराठीत मात्र क्रियापद लिहायला घेतलं की शेवटी चा, ची की चं हे ठरवावंच लागतं, आणि ते ठरवायचं तर कर्ता कोण हे आधी माहीत हवं.

आधी त्या ‘ओ’चा निकाल लावू, कारण तिथूनच शंका सुरू होते.

शाळेत शिकवतात त्या लॅटिनमध्ये हे क्रियापद ‘प्लुइत’ असं आहे, ‘पाऊस पडतो’. अपूर्ण भूतकाळात त्याचं ‘प्लुएबात’ व्हायला हवं. गॅनिमीडीझ ‘प्लोवेबात’ म्हणतो. या मेजवानीत बोलणारे बहुतेक जण सुटलेले गुलाम आहेत आणि त्यांच्या तोंडी लेखकानं मुद्दाम बाजारातली भाषा घातलीय. त्यामुळे ‘अडाण्याची चूक’ म्हणून पुढे जाणं सोपं होतं. दुसरा संशय हस्तलिखिताची नक्कल उतरवणाऱ्या नकलकारावर घेता येतो. ही कथा रोमन सम्राट नीरोच्या दरबारातल्या पेट्रोनियसची मानली जाते, आणि तिचा मेजवानीचा संपूर्ण भाग एकाच हस्तलिखितात टिकलाय. ते सतराव्या शतकाच्या मध्यावर डाल्मेशियातल्या त्रोगीर इथे सापडलं, 1664 मध्ये पादुआत छापलं गेलं आणि आज पॅरिसमध्ये आहे. एकच साक्षीदार असला की त्याच्या प्रत्येक अक्षराकडे संशयानं पाहावं लागतं. पण नकलकाराच्या हाताची खोड उलटी असते. अनोळखी रूप दिसलं की तो त्याचं ओळखीचं रूप करतो. ‘प्लुएबात’चं ‘प्लोवेबात’ करायला त्याच्याकडे काही कारण नव्हतं. म्हणून तो ‘ओ’ मला खरा वाटतो.

आणि तो खरा आहे याची मोठी साक्ष पुढच्या पिढ्या देतात. इटालियनमध्ये पाऊस पडतो तेव्हा ‘प्योव्हे’ म्हणतात, स्पॅनिशमध्ये ‘ल्युएवे’, फ्रेंचमध्ये ‘इल प्लो’, रोमानियनमध्ये ‘प्लोउआ’. यांच्या स्वरांची घडण ‘प्लुएरे’पासून नीट लागत नाही, ‘प्लोवेरे’पासून लागते. म्हणजे ग्रंथांत ‘प्लुइत’ चालू होतं तेव्हा रस्त्यावर ‘प्लोव्’ चालत होतं, आणि मुलांनी रस्त्यावरचं उचललं. पोर्तुगीजमध्ये सुरुवातीच्या ‘प्ल’चा आधी ‘च’ झाला आणि पुढे ‘श’. ‘प्लेनुस’ म्हणजे भरलेला, त्याचा ‘शेयु’ झाला, तसाच ‘प्लोवेरे’चा ‘शुव्हेर’. 1510 पासून 1961 पर्यंत पोर्तुगीज सत्तेखाली असलेल्या गोव्यात, मांडवीच्या काठी जूनमध्ये आभाळ फाटलं की कचेरीतला माणूस ‘शोव्ह’ म्हणायचा. गॅनिमीडीझच्या तोंडचा धातू इतक्या लांब येऊन पोचला, याचा मला खरोखर आनंद वाटतो.

आता मुळाकडे. इंडो-युरोपीय धातू ‘प्लेव्’. आपल्याकडे तो ‘प्लु’ आहे, ‘प्लवते’ म्हणजे तरंगतो, पोहतो, उडी मारतो. जलप्लावन, विप्लव, भौतिकशास्त्रातली प्लवनशीलता, व्याकरणातला तीन मात्रांचा प्लुत स्वर, सगळी याच घरची मंडळी. ग्रीकांनी याच धातूपासून ‘जहाजानं जाणं’ हा अर्थ घेतला. मुळात पाणी आणि हालचाल एवढाच ऐवज होता. पाण्यावर कोणी हललं की पाणीच हललं, हे ज्या त्या भाषेनं आपापलं ठरवलं. लॅटिनकडे पोहण्यासाठी ‘नातारे’ होतं, जहाजानं जाण्यासाठी ‘नाविगारे’ होतं, त्यामुळे ‘प्लेव्’ला वरून पडणाऱ्या पाण्याचंच काम उरलं.

या ‘प्लेव्’चं जुन्या लॅटिनमध्ये नियमानं ‘प्लोव्’ होतं. संस्कृत ‘नव’ला लॅटिन जोडीदार ‘नोवुस’ आहे, तोच हा बदल. मग ‘प्लुइत’मधला ‘उ’ आला कुठून? उपसर्गांतून. जुन्या लॅटिनमध्ये आघात शब्दाच्या पहिल्या अक्षरावर असे. पुढे उपसर्ग लागला की मधला ‘ओव’ दबून ‘उ’ होई. ‘दे नोवो’, म्हणजे नव्यानं, हे दोन शब्द जुळले आणि ‘देनुओ’ झाले. घराच्या चौकातल्या ज्या टाक्यात छपराच्या उघड्या भागातून पाणी पडे, त्याला रोमन लोक ‘इंप्लुवियुम’ म्हणत. त्या घराण्यातल्या ‘इंप्लुइत’सारख्या उपसर्गवाल्या रूपांतून ‘उ’ सुटा होऊन बाहेर आला आणि पुस्तकी भाषेत तोच शिष्ट ठरला.

म्हणजे ‘प्लोव्’ हे बिघडलेलं रूप नाही. शिष्ट रूपापेक्षा ते मुळाला जवळचं आहे. याला एक छोटा पण फार बोलका पुरावा रोमन कोशकार फेस्टुसनं जपलेल्या शब्दसंग्रहात आहे. धार्मिक विधींच्या भाषेत एखादं पात्र ‘पेर्प्लोवेरे’ करतं असं म्हटलं, तर ते भोक पडून गळतंय असा अर्थ घ्यायचा, असं तिथे नोंदवलंय. विधीची भाषा सहसा बदलत नाही. पुजाऱ्याच्या तोंडी आणि गॅनिमीडीझच्या तोंडी एकच ‘ओ’ आहे, आणि मधल्या सुशिक्षितांनी तेवढा तो सोडलाय. आपल्याकडेही आजीचा शब्द गावंढळ म्हणून हसण्यावारी नेला जातो आणि नंतर तोच ज्ञानेश्वरीत सापडतो.

काळाचं थोडक्यात आटोपतो. ‘प्लुइत’ हे रूप वर्तमानातही चालतं आणि पूर्ण भूतातही. असं एकच रूप दोन काळांना कसं, अशी तक्रार रोमन लोकच करत होते. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात वारो या रोमन पंडितानं त्यांना उत्तर दिलं : वर्तमानात ‘उ’ ऱ्हस्व, भूतकाळात दीर्घ, कान उघडे ठेवा. भूतकाळात ‘प्लूवित’ असंही रूप होतं आणि इतिहासकार लिव्ही तेच पसंत करतो. आपलं ‘प्लोवेबात’ या भांडणात पडत नाही. ते अपूर्ण भूतकाळी आहे, एकदाच घडलेलं ते सांगत नाही, ‘असं व्हायचं’ हे सांगतं. ‘ईबान्त’, जायच्या. ‘एक्सोराबान्त’, विनवून मागायच्या. ‘प्लोवेबात’.

या तीन क्रियापदांना ओळीनं उभं केलं की प्रकरणाचं मर्म दिसतं. पहिल्या दोघांना शेवटी ‘न्त’ आहे, कर्त्या बायका, अनेकवचन. तिसऱ्याला नुसता ‘त’. हा ‘त’ म्हणजे संस्कृतातल्या ‘वर्षति’, ‘गच्छति’मधल्या ‘ति’चाच भाऊ. तो फक्त एवढं सांगतो की करणारा मी नाही, तू नाही आणि तो एकच आहे. पुरुष की स्त्री की नपुंसक, याबद्दल तो गप्प आहे.

बरं, आधीच्या वाक्यात उमेदवार किती आहेत? दोन. ‘विनवून मागणं’ या लॅटिन क्रियापदाला दोन द्वितीया लागतात, ज्याच्याकडे मागायचं तो आणि जे मागायचं ते. ‘योवेम आक्वाम’, ज्युपिटरला पाणी. बायका गेल्या, ज्युपिटरला पाणी मागितलं आणि लगेच घागरी-घागरीनं... कोण? ज्युपिटर बरसायचा? की पाणी पडायचं? की कोणीच नाही, नुसतं बरसणं?

ज्युपिटरच्या बाजूनं साक्षीदार भारदस्त आहेत. दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या अपोलोनिअस या व्याकरणकारानं ग्रीकमधल्या ‘गडगडतं’, ‘विजा चमकतात’ अशा क्रियापदांबद्दल सांगितलं की कर्ता बोलून दाखवत नाहीत, कारण तो झ्यूस, म्हणजे ग्रीकांचा ज्युपिटरच, असणार हे सगळ्यांना ठाऊक आहे. इसवी सन 500 च्या सुमाराला कॉन्स्टँटिनोपलमध्ये लॅटिन शिकवणाऱ्या प्रिस्कियाननं हाच न्याय लॅटिनला लावला. होमरच्या काव्यात झ्यूस उघडपणे ‘बरसतो’, ग्रीकांनी ट्रॉयसमोर बांधलेली भिंत वाहून जावी म्हणून सलग बरसतो. रोमन शकुनशास्त्रात ‘ज्युपिटर गडगडत असताना, विजा टाकत असताना लोकसभा भरवू नये’ असा दंडक होता, तो सिसेरो या रोमन वक्त्यानं नोंदवलाय. तिथे ज्युपिटर कर्ता म्हणून स्पष्ट लिहिलेला आहे.

आणि आपलं संस्कृत? तिथे तर ‘देवो वर्षति’ हीच पाऊस पडण्याची नित्याची बोली. पाणिनीच्या सूत्रांवरच्या काशिकावृत्तीत मर्यादा दाखवणाऱ्या ‘आ’चं उदाहरण येतं : ‘आ पाटलिपुत्राद् वृष्टो देवः’, पाटलिपुत्रापर्यंत पाऊस झाला. वगळणं दाखवणाऱ्या ‘अप’साठी येतं : ‘अप त्रिगर्तेभ्यो वृष्टो देवः’, त्रिगर्त सोडून बाकी सगळीकडे झाला. व्याकरणाच्या ग्रंथात हवामान खात्याची बातमी वाचल्यासारखं वाटतं. ‘ज्युपिटर’ या नावात दडलाय वेदातला ‘द्यौष्पितृ’, आकाश-पिता, आणि ‘देव’ शब्दही त्याच ‘दिव्’चा. लॅटिनमध्ये ‘ज्युपिटरखाली’ म्हटलं की अर्थ होतो उघड्यावर, आभाळाखाली. रोमन कवी होरेसचा शिकारी ‘गार ज्युपिटरखाली’ रात्र काढतो. गॅनिमीडीझसुद्धा आभाळ आणि ज्युपिटर एका दमात घेतो.

इथवर आलो तेव्हा मीही ज्युपिटरच्याच बाजूनं झुकलो होतो. माझं मत फिरवलं ते दगडांनी.

लिव्हीच्या पहिल्या पुस्तकात रोमच्या तुल्लुस होस्तीलियुस राजाच्या कारकिर्दीत खबर येते की आल्बान डोंगरावर ‘लापिदिबुस प्लूविस्से’, दगडांचा पाऊस पडला. कोणाचा विश्वास बसेना, म्हणून माणसं पाहायला पाठवली, तर त्यांच्या डोळ्यांदेखत, वाऱ्यानं गारा लोटाव्यात तसे आभाळातून दगड आले. मग नऊ दिवसांचं व्रत झालं, आणि पुढे जेव्हा जेव्हा अशी खबर येई तेव्हा नऊ दिवस पाळायचे हा रिवाज पडला. व्याकरण पाहा. ‘लापिदिबुस’ला तृतीयेसारखी विभक्ती आहे, ‘दगडांनी’. शब्दशः, ‘दगडांनी बरसलं’. दगड कर्ता नाहीत, ते साधन आहेत. सिसेरो रक्ताच्या पावसाची खबर सांगतो तेव्हा रक्त द्वितीयेत ठेवतो, ‘सांग्विनेम प्लुइस्से’. म्हणजे पडलेली वस्तू कधी साधन, कधी कर्म. पण पाडणारा कोण ते खबर देणारा सांगत नाही.

तो का सांगत नाही, हा माझ्या मते या प्रकरणातला कळीचा प्रश्न. अशी खबर आली की रोममध्ये मोठी यंत्रणा हले. सिनेट बसे, पुजाऱ्यांना विचारलं जाई, गरज पडली तर सिबिलेचे ग्रंथ, म्हणजे भविष्यवाणीच्या पोथ्या, उघडले जात, आणि कोणता देव रुसलाय हे शोधून काढलं जाई. इसवी सनापूर्वी 205 मध्ये, रोमचा शत्रू हॅनिबल अजून इटलीतच असताना, त्या वर्षी आभाळातून वरचेवर दगड पडले म्हणून ते ग्रंथ पाहिले गेले. त्यातून निघालं काय? आशिया मायनरमधल्या पेस्सिनुसहून देवांच्या मातेला रोममध्ये आणा. ज्युपिटरचा संबंधही नाही. ‘प्लुइत’ म्हणताक्षणी ज्युपिटर कर्ता म्हणून गृहीतच असता, तर कोण हे विचारायला ग्रंथ कशाला उघडायचे? क्रियापद ती जागा मोकळी ठेवत होतं. ती मोकळी होती म्हणून तर पुजाऱ्यांना काम होतं. अपोलोनिअस आणि प्रिस्कियान यांना प्रत्येक क्रियापदाला कर्ता हवा होता, म्हणून त्यांनी त्या जागी देव बसवला. ‘गडगडतं’ला तो शोभतो, कारण तिथे रोमन लोक स्वतःच ज्युपिटरचं नाव घेत. ‘प्लुइत’ला तो बाहेरून आणून चिकटवावा लागतो.

205 च्या त्या प्रसंगी लिव्हीनं वापरलेले शब्द आहेत ‘दे काएलो लापिदातुम’, ‘आभाळातून दगडफेक झालेलं’. इथे धातुसाधित आहे, म्हणजे लॅटिनला लिंग दाखवणं भाग पडलं. तिनं कोणतं निवडलं? नपुंसकलिंग, एकवचन. हे वाचलं आणि मी लेखणी खाली ठेवली, कारण हे मला लहानपणापासून येत होतं. ‘उजाडलं.’ ‘सांजावलं.’ ‘फटफटलं.’ ‘मला मळमळतंय.’ शाळेच्या व्याकरणात यांना भावकर्तृक क्रियापदं म्हणतात. क्रियेचा भाव हाच त्यांचा कर्ता, आणि प्रत्यय नेहमी नपुंसकलिंगी एकवचनी. ‘उजाडलं’ म्हणताना कोण उजाडलं असं मराठी माणूस विचारत नाही. ती जागा रिकामी आहे हे त्याच्या कानाला कळतं.

मौज अशी की पावसाच्या बाबतीत मात्र मराठीनं हे केलं नाही. संस्कृतातलं ‘वर्षति’ आपल्या रोजच्या बोलण्यातून गेलं. ‘प्रावृष्’, म्हणजे पावसाळा, या नामाचा प्राकृतातून ‘पाऊस’ झाला आणि त्याला ‘पडणे’ जोडून आपण काम भागवलं. पाऊस पडतो, येतो, जातो, उघडतो, दडी मारतो, झोडपतो. तो पुल्लिंगी आहे आणि जवळजवळ घरातला एक माणूस आहे. त्यामुळे ‘कालपासून नुसता कोसळतोय’ म्हटलं तरी नाव न घेता तोच कळतो.

आता पुन्हा टेकडीवर जाऊ. माझा पहिला खर्डा होता : ‘ज्युपिटरकडे पाणी मागायच्या, आणि लगेच घागरीनं ओतावा तसा पाऊस कोसळायचा.’ वाचायला सुरेख. पण यात न घातलेला पाऊस मी घातलाय आणि लॅटिनची मोकळी जागा बुजवलीय. दुसऱ्या खर्ड्यात पाऊस काढला : ‘ज्युपिटरकडे पाणी मागायच्या, आणि लगेच घागरीनं ओतल्यासारखा कोसळायचा.’ हे तर आणखी वाईट. ‘ज्युपिटर’ही पुल्लिंगी, त्यामुळे तोच डोंगरावरून कोसळतोय असं वाचणाऱ्याला वाटणार. ‘बरसायचा’ केलं तर प्रिस्कियान जिंकतो, आणि मी त्याला का नाकारतोय ते वर सांगितलंच आहे.

उरला ‘चं’. मराठीत पाणी नपुंसकलिंगी आहे हे भाषेचं देणं. नपुंसकलिंगी क्रियापद ठेवलं तर वाचणाऱ्याला आधीच्या वाक्यातलं पाणी घेता येतं, आणि ‘उजाडलं’च्या चालीवर काहीच न घेताही पुढे जाता येतं. ज्युपिटर वाक्यात राहतो, पण ज्याच्याकडे मागितलं तेवढाच. गॅनिमीडीझच्या बोलण्यातला धसमुसळेपणाही यात येतो, कारण तो व्याकरण जुळवत बसलेला नाही, त्याला ते ओलेचिंब दिवस आठवतायत. पुढे तो म्हणतोच, तेव्हाच काय ते, नाहीतर कधीच नाही, आणि सगळे भिजलेल्या उंदरांसारखे.

पक्क्या प्रतीत गेलं ते असं : ‘पूर्वी घरंदाज बायका पायघोळ नेसून, अनवाणी, केस मोकळे सोडून, निर्मळ मनानं टेकडीवर जायच्या आणि ज्युपिटरकडे पाणी मागायच्या. की लगेच घागरी-घागरीनं पडायचं.’